कॉलेजची हजेरी: कोल्हापुरातली पोरं आणि पालक सारखं विचारतात ते प्रश्न

मी कोल्हापुरात एका कॉलेजला शिकवतो आणि वर्गाच्या हजेरीचं काम बरीच वर्षं माझ्याकडंच आहे. दर टर्मला व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात, बहुतेक वेळा डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी पडलेल्यांची यादी) लागल्याच्या रात्री, आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं. हे सगळं शिवाजी विद्यापीठाखालची कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची साधी कॉलेजं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. ऑटोनॉमस कॉलेजचे बारीक नियम वेगळे असतात, त्यामुळं शेवटचा शब्द तुमच्या ऑफिसातल्या लेखी नियमाचा.

१. सर, ७५ टक्के म्हणजे नक्की कशाचे ७५ टक्के?

परीक्षेला बसायला जी हजेरी लागते ती झालेल्या लेक्चरची ७५ टक्के. टाइमटेबलवर छापलेल्या लेक्चरचे नाही आणि कॅलेंडरच्या दिवसांचेही नाही. आता क्रेडिटचा हिशोब आहे, थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला ६० लेक्चर आणि २ क्रेडिटवाल्याला ३०. प्रॅक्टिकलला १ क्रेडिटला ३० तास लागतात. ६० पैकी ६० झाली तर तुम्हाला ४५ पाहिजेत, पण सुट्ट्या वगैरे धरून ५२ च झाली तर ३९ पुरतात. २ क्रेडिटच्या विषयात जास्त सांभाळा, कारण ३० चे ७५ टक्के म्हणजे साडेबावीस होतात आणि अर्धं लेक्चर नसतं, त्यामुळं २३ धरायचे. म्हणजे पूर्ण टर्ममध्ये फक्त ७ चुकले तर चालतंय.

हा ७५ चा आकडा कुठल्या एका प्रिन्सिपॉलनी काढलेला नाही, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००३ च्या नियमावलीतच होतं की विद्यापीठानं ठरवलेली हजेरी सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसावी.

२. सगळे विषय मिळून ७५ बघतात की प्रत्येक विषयाला वेगळे?

वेगळेच धरून चाला. पोरं इथंच फसतात, आवडीच्या विषयाला ९५ आणि सकाळच्या ७.३० च्या विषयाला ४०, सरासरी काढून बसतात की आपलं जमलंय. मस्टर प्रत्येक शिक्षकाचं वेगळं असतंय आणि लिस्टही त्यावरूनच निघते.

३. आत्ता ५० टक्के आहे, इथून पुढं रोज आलो तर भरून निघेल का?

टर्म किती उरलीय त्यावर आहे. समजा ६० लेक्चरच्या विषयात ४० झाली आणि तू २० ला होतास. उरलेल्या २० पैकी एकही सोडलं नाहीस तरी ६० पैकी ४० होतात, म्हणजे ६७ टक्क्यांच्या आत. नाही भरत. पण तेच २० झाल्यावर १० ला होतास आणि तिथून जागा झालास, तर ६० पैकी ५० होतात, म्हणजे ८३. टक्का दोन्हीकडं ५० च आहे, फरक फक्त कधी लक्षात आलं याचा आहे.

म्हणून टक्का बघू नका, चुकलेली लेक्चर मोजा. ६० ला १५ आणि ३० ला ७, एवढीच शिल्लक. वहीच्या शेवटच्या पानावर विषयवार रेघा मारत जा, ईआरपीवर (कॉलेजच्या सॉफ्टवेअरवर) दिसतंय म्हणून निवांत राहू नका, तिथं आकडे बऱ्याचदा उशिरा चढतात.

४. सगळ्याच कोर्सला ७५ असतंय का? माझी बहीण फार्मसीला आहे, तिला जास्त सांगितलंय.

बरोबर सांगितलंय. बी.फार्मला प्रत्येक विषयात ८० टक्के लागतात. बी.एड.ला ८०, आणि शाळेत इंटर्नशिपला जातात तिथं ९०. एमबीबीएसला थिअरी ७५ आणि प्रॅक्टिकल ८०. नर्सिंगला थिअरी ८०, पण क्लिनिकल शेवटी १०० टक्के पूर्ण करूनच द्यायचं. लॉला बार कौन्सिलच्या नियमात ७० आहे (लॉवाल्यांनी प्रश्न १३ पण वाचा). हे आकडे त्या त्या कौन्सिलचे आहेत, कॉलेजला ते खाली आणता येत नाहीत, त्यामुळं सरांशी भांडून उपयोग नाही. मेडिकल आणि नर्सिंगवाले तर शिवाजी विद्यापीठाखाली येतच नाहीत, त्यांच्यातल्या बहुतेकांचं विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

५. पेपर पास झालो की झालं ना? हजेरी घेताच कशाला?

हा प्रश्न रागानं विचारतात, पण मला तो रास्त वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका वर्षी पन्हाळ्याच्या बाजूची एक मुलगी वर्गात होती, पहिल्या टर्मला कायम पुढच्या बाकावर. दिवाळीनंतर दिसेना. आम्ही सगळे शिक्षक आपापल्या मस्टरवर तिच्या नावापुढं गैरहजर लिहीत गेलो, सहा आठवडे, आणि एकानंही फोन उचलून लावला नाही, मीही नाही. लिस्ट लागल्यावर कळलं की आईचं मोठं ऑपरेशन झालेलं, घरात दोन म्हशी, धाकटा भाऊ शाळेला, धार काढण्यापासून डब्यापर्यंत सगळं तिच्यावर. तोपर्यंत हिशोब प्रश्न ३ सारखा झालेला, भरून निघण्यापलीकडं. तिनं ते वर्ष सोडलं आणि परत ॲडमिशन घेतलंच नाही. पहिल्याच आठवड्यात फोन गेला असता तर अर्ज, नोट्स, मधल्या परीक्षेची दुसरी तारीख, काहीतरी नक्की निघालं असतं. मस्टरवर सगळं लिहिलेलं होतं, वाचणारं कोणी नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात ओळीनं चार दिवस कोणी दिसलं नाही की मी त्याच दिवशी फोन करतो. हजेरी घ्यायची ती याच्यासाठी. टर्मच्या शेवटी यादी लावून अडवायला ती वापरली तर पोरांना ती शिक्षाच वाटणार.

आणि आपल्या कोल्हापूरला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. पण दंडाच्या आधी शाळा काढल्या, वेगवेगळ्या समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, म्हणजे यायची सोय आधी केली आणि मग का आला नाहीस विचारलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

६. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. मेडिकलनं गैरहजेरीची हजेरी होत नाही, कमी पडलेल्या टक्क्यांना सूट मिळावी म्हणून ते कारणाचा पुरावा असतं. सूट द्यायची की नाही, किती द्यायची, ते नियमात बसवून वर ठरतं. त्यामुळं ६८ वर असलेल्याला मेडिकलचा आधार होतो, ३० वर असलेल्याला सहसा होत नाही.

आजारी पडल्यावर त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना मेसेज टाका, बरं होऊन आलात की पहिल्याच दिवशी अर्ज आणि कागद द्या आणि अर्जाच्या झेरॉक्सवर ऑफिसचा शिक्का घ्या. सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) ॲडमिट असाल तर डिस्चार्ज कार्ड, खाजगीत असाल तर बिल आणि रिपोर्ट. टर्मच्या शेवटी एकाच दिवशी एकाच डॉक्टरची दहा सर्टिफिकेटं येतात तेव्हा ज्याला खरंच डेंगी झालेला त्याच्याही कागदावर संशय येतो, याचं मला वाईट वाटतं.

७. पुरात आमचा रस्ता बंद होता, कॉलेज मात्र चालू होतं. ते दिवस धरणार का?

कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली तर प्रश्नच नाही, लेक्चर झालं नाही म्हणजे मोजलंच जात नाही. २०१९ ला आणि २०२१ ला सगळंच ठप्प होतं, हायवेसुद्धा बंद. अडचण होते ती मधल्या पुराला, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाच्या इशाऱ्याच्या पुढं गेलं पण ४३ च्या धोक्याला पोचलं नाही अशा वेळी. शहरात ताराराणी चौकात ऊन पडलेलं असतंय आणि तिकडं चिखली, आंबेवाडी, गगनबावड्याचा रस्ता, शिरोळची गावं पाण्यानं तोडलेली असतात.

अशा वेळी त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर लिहा आणि रस्त्याचा फोटो टाका. पाणी उतरल्यावर ग्रामपंचायतीचा एका ओळीचा दाखला घ्या की अमुक ते अमुक तारखेला रस्ता बंद होता, आणि एका गावची चार पोरं असाल तर एकच अर्ज सगळ्यांनी सह्या करून द्या. पाण्यातून यायचा प्रयत्न करू नका. दोन लेक्चरपायी मोटारसायकल पाण्यात घालणारी पोरं मी बघितलीत, परत असं करू नका, हात जोडून सांगतो.

८. एसटी रोज उशिरा येते, पहिलं लेक्चर कायम जातंय. काय करू?

तिसऱ्या दिवशी येऊन सांग, तिसऱ्या महिन्यात नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडून येणाऱ्यांची गाडी आणि वेळ ठरलेली असते, त्यामुळं एकाच गाडीची दहा-बारा पोरं निघतात. दहा जणांचा अर्ज आला की कॉलेजकडून डेपोला वेळ बदलायचं पत्र जाऊ शकतं, बॅच बदलून मिळू शकते, किंवा सर हजेरी सुरुवातीऐवजी शेवटी घेऊ शकतात. मी पहिल्या लेक्चरला शेवटीच घेतो. पासची झेरॉक्स अर्जाला लावा, त्यावर गाव आणि मार्ग असतो.

९. मॅच, एनसीसी कॅम्प, युवा महोत्सव, यातले दिवस?

कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून गेलात तर ऑन ड्युटी धरतात, फक्त जायच्या आधी जिमखान्याचं किंवा एनएसएसच्या सरांचं पत्र वर्गशिक्षकांकडं पोचलं पाहिजे. एनएसएसचा ७ दिवसांचा कॅम्प, एनसीसीचा कॅम्प, युवा महोत्सवाच्या तालमी (तालमीची पण तारीखवार यादी घ्या, नुसत्या प्रयोगाची नाही).

तालीम मंडळाच्या नाहीतर पेठेच्या टीमकडून शाहू स्टेडियमला खेळायला गेलात, किंवा गावच्या जत्रेच्या मैदानात कुस्ती धरली, तर ते ऑन ड्युटीत बसत नाही, खेळ कितीही चांगला असला तरी. त्यासाठी तुमची १५ ची शिल्लक वापरा. आणि जो पोरगा खरंच वरच्या लेव्हलला खेळतोय त्यानं जिमखान्याच्या सरांना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटावं, आधी माहीत असलं तर आम्हालाही काहीतरी बसवता येतंय.

१०. मित्रानं माझी प्रॉक्सी मारली आणि दोघं सापडलो. आता?

दोघांनी मिळून जाऊन स्वतः सांगा, लेखी द्या. आवाज देऊन मारलेली प्रॉक्सी पहिल्या वेळी बहुतेक समज देऊन संपते. दुसऱ्याच्या नावानं सही केली असेल तर ते गंभीर आहे, खोटी सही ती खोटी सही, आणि त्याचा कागद फाइलला राहतो. क्यूआर कोडचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं पण प्रॉक्सीच, आता कोड काही सेकंदाला बदलतो त्यामुळं ते सापडतंय पण लगेच.

११. मशिनवर माझा अंगठाच उमटत नाही, सर म्हणतात तू आलाच नाहीस.

हे आपल्याकडं लई होतं आणि यात पोरांची काही चूक नसते. गुऱ्हाळावर काम करणारी, ऊसतोडीला घरच्यांबरोबर जाणारी, शिरोलीच्या फाउंड्रीत सेकंड शिफ्ट करणारी पोरं, त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात, हिवाळ्यात कातडी सोललेली असली तर मशिन अजिबात घेत नाही.

उपाय असा, ऑफिसात जाऊन वेगवेगळी बोटं नोंदवून घ्या, अंगठ्यापेक्षा अनामिका नाहीतर डाव्या हाताचं बोट बऱ्याचदा चालतंय. तेही नाही झालं तर कागदावरची सही चालू ठेवा असा लेखी अर्ज द्या. आणि ज्या दिवशी मशिननं घेतलं नाही त्याच दिवशी शिक्षकांच्या मस्टरवर बघून घ्या की तिथं तुम्ही हजर आहात. मशिन आणि मस्टर जुळत नसेल तर वर्गात समोर बघून लिहिलेलं मस्टर मी जास्त खरं मानतो.

फेस किंवा मोबाइल लोकेशनवाल्या हजेरीबद्दल पण विचारतात की हे सक्तीचं आहे का. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बघता ही माहिती कशासाठी घेताय, कुठं ठेवताय, कधी पुसणार हे कॉलेजला विचारायला काही हरकत नाही, अर्ज करून विचारा. आणि स्मार्टफोन नसलेला पोरगा प्रत्येक वर्गात एखादा तरी असतो, त्याला दुसरी सोय दिलीच पाहिजे.

१२. घरची परिस्थिती नाही, मी कामाला जातो. रोज कसं येणार?

आधी वर्गशिक्षकांना खरं सांग. आम्हाला कळलं तर विचार करता येतो, नुसतं गैरहजर दिसलं तर आम्ही पोरगा भटकतोय असंच समजतो.

मग तीन वाटा आहेत. एक, कमवा आणि शिका योजना, काम कॉलेजच्याच आवारात मिळतं आणि वेळ लेक्चर सोडून असते, पैसे थोडे असतात पण हजेरी शाबूत राहते. दोन, सकाळच्या सत्राचं कॉलेज, सकाळी लेक्चर आणि दुपारनंतर गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीत शिफ्ट, अशी कितीतरी पोरं पास होऊन गेलीत. तीन, दिवसाचं काम सोडताच येत नसेल तर शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, तिथं रोजच्या हजेरीची अटच नसते आणि पदवीला यूजीसीची मान्यता असते. रेग्युलरला नाव घालून वर्षभर न येणं आणि शेवटी अडकणं, त्यापेक्षा ही सरळ वाट. यात काही कमीपणा नाही.

१३. डिफॉल्टर लिस्टला नाव आलंय. हॉल तिकीट मिळणार नाही का?

पहिली लिस्ट म्हणजे शेवट नसतो, ती सुधारायलाच लावतात. त्याच दिवशी प्रत्येक विषयाच्या मस्टरशी आपला आकडा ताडून बघा, चूक निघते, विशेषतः रोल नंबर बदललेले असतात किंवा डिव्हिजन बदललेली असते तेव्हा. मग कारणाचे कागद (प्रश्न ६, ७, ९) लावून अर्ज, आणि पालकांना घेऊन या म्हटलं तर खरे पालक आणा, भाड्यानं काका आणू नका. हमीपत्र लिहून घेतात त्यात काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा.

एक फॉरवर्ड सारखा फिरतोय की कोर्टानं हजेरीची अट काढून टाकली. तसं नाही. दिल्ली हायकोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला तो लॉच्या विद्यार्थ्यांबद्दल, की हजेरी कमी आहे एवढ्याच कारणानं परीक्षेला बसण्यापासून अडवू नये. त्यामागं २०१६ ची एका लॉच्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येची केस होती. तो दाखवून कोल्हापुरात बी.कॉमचं हॉल तिकीट मिळेल असं धरून चालू नका. पण त्यातली काळजी आम्हा शिक्षकांनी मनावर घ्यायला पाहिजे, पोरगं जिवाचं बरंवाईट करेपर्यंत कुणाला काही कळत नाही अशी हजेरीची पद्धत चुकलेलीच आहे.

१४. स्कॉलरशिपला वेगळी हजेरी लागते का?

महाडीबीटीवरच्या (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरच्या) बऱ्याच योजनांना हजेरीची अट असते आणि ती योजनेप्रमाणं बदलते. कॉलेजनं हजेरी नसल्याचं कळवलं तर हप्ता अडकू शकतो. म्हणजे परीक्षेला सूट मिळाली तरी स्कॉलरशिपला मिळेलच असं नाही, दोन्ही खिडक्यांवर वेगळं विचारा.

१५. लग्न झालंय, बाळंतपण आहे. वर्ष सोडायला सांगतायत.

वर्ष लगेच सोडू नकोस. यूजीसीनं डिसेंबर २०२१ मध्येच विद्यापीठांना कळवलंय की डिग्री आणि पीजीच्या मुलींना मॅटर्निटी लीव्ह आणि हजेरीत सवलत देण्यासाठी नियम करा. तारीख कळाल्यावर लगेच प्रिन्सिपॉल मॅडमना किंवा सरांना लेखी अर्ज दे, सोबत डॉक्टरांचा कागद. मॅडमशी बोलायला अवघड वाटत असेल तर वर्गातली मैत्रीण नाहीतर सासूबाई, आई कुणालाही पाठव, पण लेखी पाठव. प्रॅक्टिकल आधी उरकून घेता येतं का तेही विचार. दिव्यांग विद्यार्थ्यांनाही असाच अर्ज करता येतो, २०१६ च्या कायद्यात त्यांना गरजेप्रमाणं सोयी द्यायच्या असंच आहे.

१६. आमचं लेक्चरच होत नाही, मग हजेरी कशाची?

न झालेलं लेक्चर मोजता येत नाही, ना तुमच्या बाजूनं ना विरुद्ध. तारखा लिहून ठेवा आणि वर्ग प्रतिनिधीमार्फत एचओडींना द्या, नावानिशी तक्रार करायला भीती वाटत असेल तर सगळ्या वर्गाच्या सह्या घ्या. न झालेल्या लेक्चरची हजेरी मस्टरवर दिसली तर ते सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१७. मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) नवीन शिकवायला लागलोय, १२० पोरांची हजेरी घेण्यातच दहा मिनिटं जातात.

रोल नंबर पुकारणं बंद करा. बसायच्या जागा ठरवून द्या आणि रिकाम्या जागा लिहून घ्या, दोन मिनिटात होतं. तारीख आधी टाका, खाडाखोड करू नका, चुकलं तर रेघ मारून बाजूला सही. आणि दर शुक्रवारी मस्टर उघडून फक्त एवढंच बघा की कुणाच्या पुढं अचानक सलग गैरहजर सुरू झालंय. अधूनमधून दांडी मारणाऱ्याची काळजी नको, तो परत येतो. रोज येणारा थांबतो तेव्हा काहीतरी झालेलं असतं.

१८. मुलगा रोज घरातून निघतो पण कॉलेजला पोचत नाही, असा मेसेज आला. आम्ही काय करायचं?

आल्या आल्या अंगावर जाऊ नका. पहिलं आम्हाला फोन करा, कधीपासून आणि कुठल्या विषयाला नाही ते विचारा. एकाच विषयाला नसेल तर त्या वर्गात काहीतरी आहे, कुणी त्रास देतंय किंवा इंग्रजी कळत नाही. सगळीकडंच नसेल तर तो रंकाळ्यावर एकटा बसून येत असेल आणि घरात सांगायचं धाडस होत नसेल, अशी पोरं मला भेटलीत. जेवताना शांतपणे एवढंच म्हणा की कॉलेजला जमत नसेल तर सांग, आपण बघू. वर्ष वाया गेलं तर परत भरता येतं हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

आणि पोरांनो, तुमच्यातल्या कुणाला सकाळी उठून यायलाच नको वाटत असेल, आठवडा झाला तरी तसंच असेल, तर हजेरीचा विचार बाजूला ठेवा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाहीतर माझ्या केबिनला या, चहा घेऊ, मस्टर टेबलावर नसेल.